170 मिलिमीटरची गोष्ट : सायकलचा क्रँक आणि आपला गुडघा



गेल्या डिसेंबरात एक काका तपासायला आले. वय 64. तीस वर्षे मेलबर्नला स्थायिक, पण थंडीत महिनाभर पुण्याला येतातच. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवले. मला वाटले, एक्स-रे असतील. निघाले सायकलचे दोन ॲल्युमिनियमचे दांडे.

"डॉक्टर, भोसरीला एक ओळखीचा लेथवाला आहे. याच्यात नवीन भोक पाडून घेतो म्हणतो. फक्त किती मिलिमीटरवर पाडू ते तुम्ही सांगा."

हे दांडे म्हणजे क्रँक. पेडल ज्याच्या टोकाला बसते तो. आपल्या जुन्या सायकलींना तो कॉटर पिन ठोकून बसवलेला असायचा, आठवत असेल. काकांचे क्रँक मात्र साध्या सायकलचे नव्हते, रिकम्बंट ट्राईकचे होते. ही तीन चाकांची सायकल आरामखुर्चीत रेलल्यासारखे बसून चालवायची असते. पाय पुढे, पेडल पुढे, दोन चाके पुढे आणि एक मागे. पाच वर्षांपूर्वी कानाच्या आजारामुळे काकांचा तोल बिघडला आणि दोन चाकांची सायकल सुटली. ट्राईकवर पडायची भीती नाही, म्हणून ती घेतली. घराबाहेर पडण्याचे, चार मित्र भेटण्याचे ते एकमेव साधन. आणि आता गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागले होते. चढ आला की जास्त, जिना उतरताना त्याहून जास्त. एकाने त्यांना सायकल कायमची बंद करा असे सांगितले होते.

मी तपासले. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, एक्स-रेमध्ये वाटीच्या मागे थोडी झीज होती. पण "किती मिलिमीटर?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. एकदा भोक पाडले की ते बुजवता येत नाही. मी त्यांच्याकडून आठवडा मागून घेतला आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट मला चकित करून गेली. सायकलचा क्रँक सुरुवातीला लहान-मोठा करता येत होता!

जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने 1817 मध्ये जे दुचाकी यंत्र चालवून दाखवले त्याला पेडलच नव्हते. पायाने जमीन ढकलत जायचे. पेडल आले 1860 च्या दशकात, पॅरिसमध्ये, थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. मिशो यांच्या कारखान्यातल्या या गाड्या बघितल्या, तर अनेकांच्या क्रँकमध्ये लांबट खाच दिसते. पेडल त्या खाचेत पुढे-मागे सरकवायचे आणि आवळायचे. उंच माणसाने टोकाला, बुटक्याने आतल्या बाजूला. पुढे 1870 च्या दशकात मोठ्या चाकाची ती उंच सायकल आली, चित्रात आपण सगळ्यांनी पाहिलेली. तिलाही पुष्कळदा अशीच खाच असे आणि क्रँक साधारण 5 ते 6 इंच, म्हणजे 125 ते 150 मिलिमीटर. चाक जितके मोठे तितका वेग जास्त, आणि चाक किती मोठे घ्यायचे हे पायाच्या लांबीवर ठरायचे. एवढ्या मोठ्या चाकावर लांब क्रँक लावला तर पाय पोचणारच नाही. थोडक्यात, त्या काळी सायकल माणसाच्या मापाने घेतली जायची, चपलेसारखी.

त्याच काळात इंग्लंडमध्ये तीनचाकी सायकलींचीही चलती होती. जेम्स स्टार्लीच्या तीनचाकीची ऑर्डर 1881 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने दिली. उंच सायकलवरून तोंडावर आपटण्यापेक्षा प्रतिष्ठित मंडळींना तीन चाके बरी वाटत. सर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन (1828–1896) हे नावाजलेले डॉक्टर तर तीनचाकीचे उघड पुरस्कर्ते होते. तेव्हा ट्राईकची शिफारस करणारा मी काही पहिला डॉक्टर नाही.

मग 1885 मध्ये स्टार्लीच्याच पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, आणि पेडलची ताकद साखळीने मागच्या चाकाला. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. साखळी आल्यामुळे चाकाचा आकार आणि पायाची लांबी यांचा संबंध तुटला. लहान-मोठ्या दातेरी चकत्या लावून वेग ठरवता येऊ लागला. सोय मोठी झाली, पण त्या सोयीत ती खाच गेली. कारखान्यातून हजारोंनी सायकली निघू लागल्यावर प्रत्येकाच्या पायाचे माप कोण घेणार? साडेसहा ते सात इंच, म्हणजे 165 ते 178 मिलिमीटर, एवढ्यात सगळे येऊन थांबले. पुढे मेट्रिक मापात 170 हा आकडा रूढ झाला.

इथे जरा थांबा. हा 170 आकडा कुठल्या डॉक्टरने गुडघे मोजून काढलेला नाही. फ्रेमची उंची, वळताना पेडल जमिनीला लागू नये ही काळजी, कारखान्याची सोय आणि मागून आलेली सवय, एवढ्यावर तो ठरला. सव्वासहा फुटी जवानाला 170 आणि पाच फुटी आजीलाही 170. एका मापाचा ब्लाउज सगळ्या घराने घालावा तसे.

मग गुडघ्याचा संबंध कुठे येतो?

गुडघ्याची वाटी म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा. मांडीचा पुढचा मोठा स्नायू हा दोर. तो वाटीवरून जाऊन खाली नडगीच्या हाडाला बांधलेला. पाय सरळ असताना दोर जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे रहाटावर दाब कमी. गुडघा जसजसा वाकतो तसतसा दोर रहाटावरून जास्त वळतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. उकिडवे बसून उठताना, जिना उतरताना वाटीमागे कळ येते ती यामुळेच. वाटीच्या मागची कूर्चा झिजलेली असेल तर ही कळ ठरावीक कोनातच येते. रुग्ण स्वतःच सांगतात, "इथपर्यंत ठीक आहे डॉक्टर, याच्यापुढे वाकवला की दुखते."

स्वीडनमधल्या एरिक्सन आणि निसेल यांनी 1980 च्या दशकात व्यायामाच्या सायकलवर हा दाब मोजला. 120 वॉटची ताकद आणि मिनिटाला 60 फेरे, असे मध्यम वेगाने चालवताना वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण 1.3 पट निघाला. जिना उतरताना तो याच्या कितीतरी पट जातो. म्हणून सायकल हा गुडघ्यासाठी मुळात सौम्य व्यायाम आहे, शत्रू नाही. त्यांना आणखी एक दिसले. सीट वर केली की दाब कमी होतो, कारण गुडघा कमी वाकतो. सायकलच्या दुकानात सीट खाली करून घेणाऱ्या माझ्या सगळ्या मधुमेही काकूंनी हे वाक्य परत वाचावे.

पण सीट एका मर्यादेपलीकडे वर नेता येत नाही, पाय खाली पोचला पाहिजे. पेडलच्या एका फेऱ्यात पाऊल लांब जाते आणि जवळ येते. लांबच्या टोकाला गुडघा जवळजवळ सरळ, जवळच्या टोकाला सर्वांत जास्त वाकलेला. या दोन टोकांतले अंतर म्हणजे क्रँकच्या लांबीची दुप्पट. 170 चा क्रँक असेल तर 34 सेंटिमीटर. लांबचे टोक पायाने ठरते, तेव्हा जवळच्या टोकाचा कोन बदलायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे क्रँक लहान करणे.

मी वही-पेन्सिल घेऊन गणित केले. काकांची मांडी सुमारे 42 सेंटिमीटर आणि गुडघ्यापासून पेडलपर्यंत 45. पाय लांब असताना गुडघा 30 अंश वाकलेला ठेवला, तर 170 च्या क्रँकवर जवळच्या टोकाला तो साधारण 110 अंश वाकतो. 150 च्या क्रँकवर 103. 140 वर 100. घोटाही थोडा हलतो, त्यामुळे हे आकडे ढोबळच समजा. मग हेच गणित मी एका पाच फुटी बाईंच्या पायाचे माप धरून केले. 170 च्याच क्रँकवर त्यांचा गुडघा 120 अंशांच्या वर गेला! सायकल तीच, क्रँक तोच, पण त्यांच्या वाटीला रोज दहा अंश जास्त वाकावे लागणार. गुडघ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या किती बायकांना मी "सायकल मानवत नाही तुम्हाला" असे सांगितले असेल, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यात राहिला.

रेलून चालवायच्या सायकलची कथा

आता ट्राईककडे वळू, कारण तिच्या इतिहासात एक मजेदार भांडण आहे.

शार्ल मोशे नावाचे फ्रेंच गृहस्थ पेडलने चालणाऱ्या चारचाकी गाड्या बनवत. त्यांनी तिचीच दोन चाकांची आवृत्ती केली, पाय पुढे करून रेलून चालवायची. ती त्यांनी फ्रान्सिस फोर या सायकलपटूला दिली. फोर काही त्या काळचा अव्वल खेळाडू नव्हता. पण 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये त्याने या सायकलवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एगचा 44.247 किलोमीटरचा विक्रम 1914 पासून कुणाला मोडता आला नव्हता, तो मोडला. रेलल्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, हे त्यामागचे कारण.

दोन महिन्यांच्या आतच मोरिस रिशार याने साध्या सायकलवर 44.777 किलोमीटर केले. आता विक्रम कुणाचा? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे प्रश्न आला आणि 1934 मध्ये संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की रेलून बसायची गाडी त्यात बसेना. विक्रम रिशारकडे गेला. मोशे त्याच वर्षी वारले.

या भांडणाचा तुमच्या-आमच्या गुडघ्याशी काय संबंध, असे विचाराल. आहे. शर्यतीतून बाद झालेली गाडी कुठला मोठा कारखाना बनवणार? रिकम्बंट पुढची चाळीस वर्षे हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये राहिली. 1970 च्या दशकात अमेरिकेत चेस्टर काइल या प्राध्यापकाने माणसाच्या ताकदीवर चालणाऱ्या, कसलीही बंधने नसलेल्या वाहनांच्या शर्यती सुरू केल्या, एमआयटीतल्या डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी रिकम्बंटचा अभ्यास केला, इंग्लंडमध्ये माइक बरोज यांची विंडचीटा ही तीनचाकी आली, आणि मेलबर्नच्या बाजूला इयान सिम्स यांची ग्रीनस्पीड. पण सुटे भाग सगळे साध्या सायकलचेच वापरावे लागले. म्हणजे क्रँकही तोच, 170 चा, कारण बाजारात सहसा तोच मिळायचा.

आणि ट्राईकवर तो जास्त त्रास देऊ शकतो. साध्या सायकलवर तुम्ही पेडल फार तर शरीराच्या वजनाएवढ्या जोराने दाबता. त्याहून जोर लावायला गेलात तर सीटवरून उठता, आणि उभे राहिल्यावर गुडघाही सरळ होतो. ट्राईकवर पाठीमागे पक्की पाठ आहे. तिला रेटून, भिंतीला टेकून कपाट ढकलावे तसा तुम्ही वजनापेक्षाही जास्त जोर लावू शकता. उठण्याची सोय नाही. चढावर जड गिअर तसाच ठेवून रेटत राहिलात, तर तो सगळा जोर वाकलेल्या गुडघ्यावर येतो. काका नेमके हेच करत होते. वर ट्राईक घेणारी मंडळी बहुधा साठीच्या आसपासची, म्हणजे वाटी आधीच थोडी झिजलेली.

क्रँक लहान केला तर ताकद कमी होत नाही का?

सगळ्यांचा हाच पहिला प्रश्न असतो. माझाही होता. शाळेत तरफेचा नियम शिकलो आहोत, दांडा लांब तर जोर कमी लागतो. वर्षानुवर्षे सायकलस्वार याच कारणाने लांब क्रँककडे ओढले गेले.

2001 मध्ये अमेरिकेतल्या जिम मार्टिन आणि वॅनीन स्पर्डुसो यांनी 16 सराईत सायकलपटूंना 120, 145, 170, 195 आणि 220 मिलिमीटरच्या क्रँकवर बसवून त्यांची जास्तीत जास्त ताकद मोजली. 120 आणि 220 म्हणजे जवळपास दुप्पट फरक. ताकदीतला फरक निघाला फक्त 4 टक्क्यांच्या आसपास. सर्वांत कमी आकडा 220 वर होता, 120 वर नव्हे. आणि 145 व 170 यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. पुढच्या वर्षी मॅकडॅनियल, मार्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दम किती लागतो हे क्रँकच्या लांबीपेक्षा पाऊल किती वेगाने फिरते आणि ताकद किती काढता यावर ठरते. शर्यतींच्या जगाला हे पटायला वीस वर्षे लागली. 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये पोगाचार 165 चे क्रँक लावून जिंकला, तेव्हा कुठे सगळीकडे चर्चा झाली.

मग तरफेचा नियम खोटा का? नाही. गिअर तोच ठेवलात तर 150 च्या क्रँकवर पेडल 13 टक्के जास्त जोराने दाबावे लागेल, आणि गुडघ्याचा फायदा तिथेच बुडेल. म्हणून गिअर हलका करायचा आणि पाय थोडे भरभर फिरवायचे. मिनिटाला 70 फेरे मारत असाल तर 79. पाऊल लहान वर्तुळात फिरते म्हणून वेग तोच वाटतो. पुढची दातेरी चकती 44 दात्यांची असेल तर 39 च्या जवळपासची लावली की हिशेब जुळतो. ट्राईकचा एक फायदा इथे कामी येतो. चढावर कितीही हळू गेलात तरी ती पडत नाही, त्यामुळे अगदी हलका गिअर वापरता येतो. दोन चाकांवर तेवढ्या हळू गेलो तर आपण रस्त्याच्या कडेला आडवे.

आणखी एक काम लोक विसरतात. क्रँक 20 मिलिमीटरने लहान केला की पेडल तेवढेच जवळ येते आणि पाय पूर्ण लांब होत नाही. म्हणून ट्राईकची पुढची नळी 20 मिलिमीटर बाहेर ओढायची आणि साखळी तपासायची. साध्या सायकलवर सीट तेवढीच वर घ्यायची. हे केले नाही तर दुखणे जागेवरून हलणार नाही.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही हाच हिशेब लागतो. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी मोठ्या सायकलवर हाफ पॅडल मारले असेल, पूर्ण फेरा जमत नाही म्हणून अर्धा पुढे, अर्धा मागे. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या सायकलवर तेच करायला लावतात, कारण पूर्ण फेऱ्याला गुडघा 110 अंशांपर्यंत वाकावा लागतो. काही ठिकाणी क्रँक लहान करण्याची पट्टी मिळते. माझ्या गणितानुसार 90 अंश वाकणाऱ्या गुडघ्याला 110 मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण फेरा जमावा. पण हे आपल्या सर्जनना आणि फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय करू नका.

आणि सगळ्या गुडघेदुखीवर हा उपाय नाही. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, चालताना अचानक लटपटत असेल, रात्री झोपमोड करत असेल, तर लेथवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे जा. सायकलवर पाय लांब जाताना गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर पेडल फार दूर असण्याची शक्यता जास्त, आणि मग क्रँकला हात लावायची गरज नाही. दुखणे फक्त पाऊल जवळ येताना, वाटीमागे होत असेल, तर हा विचार करायला हरकत नाही. सोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हवेतच.

आठवड्याने काका परत आले. मी त्यांना टेबलाच्या कडेला बसवून गुडघा हळूहळू वाकवायला सांगितले आणि कोन मोजला. 105 च्या जवळ आल्यावर ते "हां, इथे" म्हणाले. तीनदा केले, तीनदा तिथेच. मी कागदावर 150 लिहून दिले. लेथवाल्यालाही तो आकडा पटला. पेडलचा आटा 9/16 इंचाचा, म्हणजे 14 मिलिमीटरहून थोडा जास्त, त्यामुळे जुन्या आणि नव्या भोकात 20 मिलिमीटर अंतर असले तरच मध्ये पुरेसा धातू राहतो. क्रँक भरीव आहे की पोकळ हे त्याने आधी पाहिले, पोकळ असता तर त्याने हात लावला नसता. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे त्याला सांगावे लागले नाही, उलट त्यानेच काकांना सांगितले.

मार्चमध्ये मेलबर्नहून फोन आला. पहिले दोन आठवडे पाय हवेत फिरल्यासारखे वाटले म्हणे. मग सवय झाली. 35 किलोमीटर जाऊन येतात, चढावर सगळ्यांत शेवटी पोचतात, वाटीमागची कळ सायकलवर येत नाही. जिना उतरताना अजून येते. त्यासाठी व्यायाम चालू आहेत का, असे मी विचारले, तर त्यांनी विषय बदलला.

"काकूंना द्या फोन," मी म्हणालो.